वीस वेळा अर्धं

आमच्या गावाकडच्या घरात कणगीशेजारी मापांची एक उतरंड असायची. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं आणि सगळ्यांत लहान निळवं. प्रत्येक माप वरच्याच्या बरोब्बर निम्मं. आजी ज्वारी मोजायला बसली की पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. मी शेजारी बसून निळवं मुठीत धरायचे. ते माझ्या मुठीत मावणारं एकमेव माप होतं.

"आजी, याच्या निम्मं काय?"

"मूठ."

"अन् मुठीच्या निम्मं?"

"चिमूट."

"अन् चिमटीच्या निम्मं?"

"ते चिमण्यांचं," असं म्हणून ती सुपात उरलेली कणी अंगणात फेकायची.

आता मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. 'एकक आणि मापन' हा धडा आला की आजीची उतरंड फळ्यावर काढते. पायलीपासून निळव्यापर्यंत सहा पायऱ्या. मग टेबलावर ज्वारीचा एक दाणा ठेवते. टपोरा असेल तर चार मिलिमीटर भरतो. आता हा अर्धा करा. त्याचाही अर्धा. असं वीस वेळा करा. विसाव्या पायरीला जे उरतं त्याची लांबी साधारण चार नॅनोमीटर; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. (आजीची मापं आकारमानाची, मी निम्मी करते ती लांबी. दरवर्षी पहिल्या बाकावरचं एखादं पोर हे पकडतं आणि मला फार बरं वाटतं.) नॅनो हा शब्द ग्रीक, अर्थ खुजा, बुटका. आमच्याकडे तो शब्द आधी गाडी होऊन आला. २००८ साली पेपरात त्या चिमुकल्या कारचे फोटो झळकले तेव्हा गावातल्या प्रत्येक पारावर एकच चर्चा होती, एवढ्याशा गाडीत मागं कडब्याची पेंडी बसंल का.

मुलांना वाटतं, वीस वेळा अर्धं केलं की बारीक भुगा मिळतो, बस. तसं असतं तर मी हा धडा एका तासात उरकला असता. गंमत अशी की तिथवर पोचेस्तोवर वस्तूचा स्वभाव बदलतो. पैठणीच्या पदरावर जे सोनं पिवळंधमक दिसतं, त्याचेच दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी लालभडक होतं. काही पदार्थांचा कण दोन नॅनोमीटरचा असेल तर निळा उजेड देतो आणि सहाचा असेल तर तांबडा. पदार्थ तोच, फक्त माप वेगळं. या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. त्यांच्यासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह या तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारातल्या महागड्या टीव्हीच्या पडद्यात आता हेच कण असतात.

माझा आवडता हिशोब मात्र गुळाच्या खड्याचा. एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणजे बाहेरचं अंग सहा चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एक नॅनोमीटरचे ठोकळे पाडा. वजन तेवढंच राहिलं, पण सगळ्या ठोकळ्यांच्या बाजू मिळून अंग किती झालं? सहा हजार चौरस मीटर. माझी निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत, त्यांना चौरस मीटर कळत नाही, गुंठे कळतात. म्हणून मी गुंठ्यांत करून देते: साठ गुंठ्यांना थोडं कमी. दीड एकर. तळहातावरच्या खड्यातून दीड एकर जमीन निघाली म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सातबारा कुणाच्या नावावर?"

वर्ग हसला, मीही हसले. पण नॅनोचं खरं गुपित त्या पोराच्या तोंडून निघालं. काम होतं ते अंगावर, पृष्ठभागावर. चिकटणं, शोषणं, रंग धरणं, विरघळणं, सगळे व्यवहार तिथंच. वस्तू बारीक करत जाता तेव्हा तुम्ही खरं तर जमीन वाढवत असता.

हे सगळं मी तोंडपाठ सांगते. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, माझ्यापुढे एक बाटली आपटली आणि मला काही बोलता येईना.

आमचं शेत माजलगाव तालुक्यात, सिंदफणेच्या काठी. कपाशी दोन महिन्यांची झाली होती, युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा होता. दादा तालुक्याला जाऊन आले ते एक गोणी आणि सोबत नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन. दुकानदारानं लिंकिंग केलं होतं: बाटली घ्या, तरच गोणी. खरिपात युरियाची टंचाई असली की हा प्रकार हमखास चालतो. तक्रार कुणाकडं करणार, उद्या त्याच दुकानात उधारीवर बियाणं घ्यायचं असतं.

"तू शिकलेली हायस. सांग मला," दादा म्हणाले. "ही गोणी पंचेचाळीस किलोची. दोघांनी धरून उतरवली. अन् ही बाटली. तो म्हणायलाय, एका बाटलीत एक गोणी बसती. कशी बसती?"

मी बाटली हातात घेतली आणि मनात हिशोब केला. युरियात नत्र शेकडा ४६, म्हणजे गोणीत साधारण वीस किलो नत्र. अशा बाटल्या २०२१ साली बाजारात आल्या तेव्हा त्यांत नत्र होतं चार टक्के. अर्ध्या लिटरला वीस ग्रॅम. नंतरच्या बाटल्यांत प्रमाण बरंच वाढवलं, तरी हिशोब शंभर ग्रॅमच्या घरातच राहतो. एका पारड्यात वीस किलो आणि दुसऱ्यात वीस किंवा शंभर ग्रॅम.

विकणाऱ्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. जमिनीत फेकलेल्या युरियातला निम्म्याहून अधिक भाग पिकाला लागतच नाही, काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर निघून जातो. पानावर बारीक कण फवारले तर ते पर्णछिद्रांतून थेट आत शिरतील आणि वाया जाणार नाहीत, असा युक्तिवाद आहे. पण अगदी कणन्‌कण पिकाला लागला तरी वीस ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅमच. कपाशीच्या बोंडाला लागणारं नत्र पोत्यातून येवो की बाटलीतून, ते कुठून तरी आलंच पाहिजे. २०२३ मध्ये कोपनहेगनच्या दोन शास्त्रज्ञांनी एका संशोधनपत्रिकेत नेमका हाच मुद्दा मांडला. लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं दोन वर्षं गहू-भातावर प्रयोग केले, त्यांत शिफारशीचा अर्धा युरिया काढून त्या जागी बाटली वापरली की उत्पादन घटलं. दुसरीकडे वाढ झाल्याचे दावेही आहेत. भांडण मिटलेलं नाही.

"दादा, बसंना," मी म्हणाले. "पूर्ण गोणी बसंना. थोडीफार मदत होत असंल."

"थोडीफार म्हणजे किती?"

पोरं असं विचारतात तेव्हा मी त्यांना शाबासकी देते. बापानं विचारल्यावर मात्र माझी चिडचिड झाली.

दादांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाशीच्या तुकड्याच्या मधोमध एक तुराटी रोवली आणि तिला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. अलीकडं गोणी, पलीकडं बाटली. मी पाठीवरच्या पंपात पाणी ओतलं, त्यांनी औषध मोजून टाकलं. आमच्याकडं फवारायचं ते सगळं औषधच, मग ते खत असो की विष. तोंडाला उपरणं बांधा म्हणून मी मागं लागले. वीस वेळा अर्धं केलेली वस्तू पानात जाते तशी फुप्फुसातही जाऊ शकते, हे मी त्यांना शक्य तितक्या भीतिदायक शब्दांत सांगितलं. त्यांनी उपरणं बांधलं, दोन सरी झाल्यावर सोडलं.

फवारणी झाल्यावर पंप धुतला तो मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळवाच्या बाजूला. नळीतलं उरलेलं पाणी मी सहज अळवावर मारलं. पानाला पाण्याचा स्पर्शसुद्धा झाला नाही. थेंब गोल गोळ्यांसारखे पानाच्या खोलगट भागात जमले, पान जरा हललं की पाऱ्यासारखे इकडून तिकडं पळाले आणि जाताना धुळीचे कण उचलून घेऊन गेले. मागं ओला डाग नाही की पट्टा नाही. मी वाकून बघत बसले. दादांना वाटलं, मला साप दिसला.

अळवावरचं पाणी. किती सहज म्हणतो आपण. आयुष्य, पैसा, पुढाऱ्याचं आश्वासन, काहीही टिकेनासं झालं की ठपका पाण्यावर ठेवतो. सारी करणी पानाची असते, पाणी बिचारं नेहमीचंच. बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं बघत असत. काही पानं आधी धुवावी लागत, काही मुळात स्वच्छच निघत. त्याचा छडा लावून त्यांनी १९९७ साली कमळाच्या पानावर निबंध लिहिला. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्या उंचवट्यांवर मेणाच्या नॅनोमीटरांत मोजायच्या नळ्या असतात. थेंब त्या टोकांवर टेकतो, खाली हवाच असते. म्हणून तो पसरत नाही, गडगडतो. अळूही त्याच जातकुळीचं. डाग न धरणारी कापडं आणि धूळ न धरणारे रंग याच पानाच्या शिकवणीतून निघाले.

"म्हणून औषधात स्टिकर टाकावं लागतंय," दादा मागून म्हणाले. मी एवढं सांगितल्यावर त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. स्टिकर म्हणजे औषध पानावर पसरून धरून ठेवणारं द्रावण, दुकानात वेगळं मिळतं. हळद, कांदा, कोबी, कोणत्या पानाला स्टिकर किती लागतं हे त्यांना हातानं माहीत आहे.

परत निघताना धुऱ्यावरून चालले होते. रात्री भुरभुर पाऊस झालेला. काळ्या मातीत ओल्यात चालणं काय असतं हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. चार पावलांत चपलेचा खडावा होतो, दहा पावलांत पायाला शेर-शेर माती. आणि हीच माती मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. असं का होतं ते मी कॉलेजात शिकले तेव्हाच शिकले होते, पण शेतात उभं राहून त्याचा विचार कधी केला नव्हता. काळा बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पापुद्र्यांचं असतं आणि एकेका पापुद्र्याची जाडी असते एक नॅनोमीटर. पाऊस पडला की पाणी दोन पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, पापुद्रे जवळ येतात, जमीन फाटते. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममध्ये सगळ्या पापुद्र्यांचं अंग मोजलं तर सातशे-आठशे चौरस मीटर भरतं. सात-आठ गुंठे. एका ग्रॅममध्ये.

दादा आयुष्यभर नॅनोच्या जमिनीवर नांगर धरून चालले. ओल धरून ठेवणारी, खत धरून ठेवणारी, एका पावसावर हरभरा पिकवणारी ती जमीन. दुकानदाराची बाटली हा आमच्या शेतातला पहिला नॅनो माल नव्हता, हे मला पायाची माती काडीनं खरडताना उमगलं आणि थोडी लाजही वाटली. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग एवढी मोठी जमीन असून पीककर्ज पाच एकरावरच का देत्यात?"

सप्टेंबरात पाऊस थांबेना. शेवटच्या आठवड्यात सिंदफणा पात्र सोडून शेतात आली. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, सगळीकडं तेच. दादांचा फोन आला तेव्हा आवाज शांत होता. कपाशी गेली, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पुढची दहा मिनिटं ते जमिनीबद्दल बोलले. नदीकडचा तुकडा खरडून गेला होता. वरची हात-दीड हात काळी निघून गेली, खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या साली येतं, पण काळी माती तयार व्हायला किती काळ लागतो ते फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. पंचनाम्याच्या कागदावर रकाना हेक्टरचा होता. हेक्टर तर तेवढंच होतं, सातबाऱ्यावर एक गुंठाही कमी झाला नव्हता. गेलं होतं ते आतलं, खनिजाच्या ग्रॅममागे सात-आठ गुंठे. त्याला रकाना नव्हता.

तुराटी आणि लाल चिंधी अर्थातच वाहून गेली. थोडीफार म्हणजे किती, हा प्रश्न तिच्याबरोबर गेला.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, ८ ऑक्टोबरला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि उमर याघी. विषय: धातूचे अणू सांध्यांसारखे आणि कार्बनी रेणू वाशांसारखे जोडून उभारलेल्या, आतून पोकळ अशा स्फटिकांचा. त्यांना मॉफ म्हणतात. कल्पना करायची तर माळवदाच्या घराचा सांगाडा डोळ्यापुढं आणा, भिंती नाहीत, नुसते खांब आणि तुळया, आणि खोल्या एक-दोन नॅनोमीटरच्या. खोल्यांचं अंग इतकं की काही प्रकारांच्या एका ग्रॅममध्ये एकरभर जागा निघते.

रॉबसन यांची गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार आवडली. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात मुलांना रेणूंचे नमुने दाखवायचे म्हणून ते लाकडी गोळ्यांना भोकं पाडून घेत होते. भोकं कुठं पाडायची याच्या खुणा करताना त्यांच्या लक्षात आलं की भोकाच्या जागेतच पुढची सगळी रचना ठरलेली आहे. मग खऱ्या रेणूंनाही असंच जोडता येईल का? पहिला निबंध यायला १९८९ उजाडलं. पंधरा वर्षं एक मास्तर लाकडी गोळ्यांचा विचार डोक्यात ठेवून राहिला.

याघींची गोष्ट मात्र थेट आमच्याकडची वाटली. जन्म जॉर्डनमधल्या अम्मानचा, निर्वासितांच्या घरातला. एका खोलीत डझनभर माणसं आणि त्यांच्याबरोबर जनावरं. शहराचं पाणी आठवड्या-दोन आठवड्यांनी काही तास यायचं, तेवढ्यात भरून घ्यायचं. याच माणसानं पुढं मॉफची अशी भुकटी केली की जी वाळवंटाच्या हवेतलं पाणी रात्री आपल्या खोल्यांत साठवते आणि दिवसा उन्हानं तापली की सोडून देते. वीज नको, पंप नको. आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांवर येते, ही भुकटी तेवढ्यातूनही पाणी ओढते.

२०१६ चा उन्हाळा मी लातुरात काढला आहे. टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासाला वापरायचो. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते, मीसुद्धा. रेल्वेच्या डब्यावरून ओघळणारा थेंब बघून शेजारची बाई चुकचुकली होती, ते अजून कानात आहे. म्हणून नोबेलची बातमी वाचताना माझा ऊर भरून आला, हे लपवत नाही.

पण मग दादांचा प्रश्न आलाच. किती?

२०१७ च्या निबंधात अशाच एका भुकटीच्या किलोमागे दिवसाला २.८ लिटर पाण्याचा अंदाज दिला होता. पुढं दुसरी भुकटी आणि हातात मावणारं यंत्र घेऊन याघींची मंडळी अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत गेली, त्या यंत्रातून प्रत्यक्षात किलोमागे दिवसाला २८५ ग्रॅमपर्यंत पाणी निघालं. पाव लिटरपेक्षा थोडं जास्त. त्या हिशोबानं लातूरच्या पहिल्या रेल्वेएवढं पाणी रोज काढायचं तर साडेसतरा लाख किलो भुकटी लागेल. मी हा आकडा कागदावर तीनदा तपासला. तो बघून मला निराश वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. कारण इथं आकडा लपवलेला नव्हता. वाळवंटात जाऊन, तराजू लावून, जेवढं निघालं तेवढं लिहिलं होतं. एका माणसाच्या प्यायच्या पाण्यासाठी दहा किलोच्या आसपास भुकटी, असं म्हटलं की गोष्ट आवाक्यातलीही वाटते. शहराची तहान भागणार नाही, एखाद्या वस्तीवरच्या रांजणाची कदाचित भागेल.

दिवाळीत गावी गेले तेव्हा दादांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, नजर मात्र नदीकडच्या तुकड्यावर होती. तळ्यातला गाळ आणून तिथं टाकायचं चाललं होतं, ट्रॅक्टरच्या खेपा मोजायच्या होत्या.

"हवेतून पाणी काढायलेत, काढू दे," ते म्हणाले. "आवंदा हवेत कमी नव्हतं."

वरच्या तुकड्यात ज्वारी पेरली होती, कोंब बोटभर वर आले होते. अर्धी बाटली अजून देवळीत होती. दादांनी तुराट्या आणायला सांगितल्या. मी दोन आणल्या. त्यांनी एक मागितली आणखी.

"तीन कशाला? गोणी अन् बाटली, दोनच तुकडे ना?"

"तिसऱ्याला काहीच द्यायचं नाही," ते चिंधी फाडत म्हणाले. "नुसती जमीन काय देती ते आधी कळू दे की."

नियंत्रण गट कशाला म्हणतात हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी तिसरी तुराटी घेतली आणि त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी रोवली. जमीन ओली होती, हातानंच आत गेली.